वृंदाचे सहा गुण आणि संगीतशिक्षकाची पदवी : सेवेतील शिक्षकांच्या समूहगान-शिक्षणाची चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रात नोकरी सांभाळून संगीताचे उच्चशिक्षण घेण्याची सोय शंभर वर्षांपासून आहे. मात्र या शिक्षणाचे लक्ष्य एकल गायक हे राहिले. प्रत्यक्षात पदवीधरांपैकी जे शाळेत शिकवतात त्यांना चाळीस-पन्नास मुलांकडून एकत्र गाऊन घ्यावे लागते. शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात वृंदाचे जे सहा गुण सांगितले आहेत, त्यांच्या निकषावर प्रस्तुत लेखात या शिक्षणाची चिकित्सा केली आहे. मुंबईच्या मानखुर्द परिसरातील शाळा हा विवेचनाचा संदर्भ आहे.

प्रस्तावना

हार्बर मार्गावरील मानखुर्द हे मुंबई शहराच्या हद्दीतील शेवटचे स्थानक होय. पुढे ठाण्याची खाडी ओलांडली की वाशी येते. १९९२ मध्ये हा लोहमार्ग खाडीपार गेला आणि ही दोन ठिकाणे एकमेकांची शेजारी झाली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशी येथे आहे. भारतभर हजारो विद्यार्थी मंडळाच्या संगीतपरीक्षांना बसतात. म्हणजे मानखुर्दच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाला संगीताचे पुढील शिक्षण घ्यायचे असेल, तर या व्यवस्थेचे एक प्रमुख केंद्र त्याच्यापासून एका स्थानकाच्या अंतरावर आहे.

मानखुर्द बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरातील सर्व विभागांत तळाशी होता. लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहती, अण्णाभाऊ साठे नगर, महाराष्ट्र नगर, मंडाला अशा वस्त्यांतून येथील शाळांत मुले येतात. त्यांच्या घरच्या भाषा वेगळ्या, घरी ऐकू येणारे संगीतही वेगळे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी या माध्यमांतून चालत आल्या आहेत. अशा शाळेत सर्व मुले रोज एकत्र येऊन जी एकमेव कला आचरतात ती म्हणजे परिपाठातील गायन. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रार्थना आणि समूहगीत ही त्याची ठरलेली अंगे. या गायनाची धुरा ज्याच्यावर असते, त्या शिक्षकाला उच्चशिक्षण नेमके कशासाठी तयार करते, हा येथील मूळ प्रश्न आहे.

निकष : शार्ङ्गदेवाचा वृंदविचार

मराठीत समूहगीत, समूहगान आणि वृंदगान हे शब्द सरसकट एकमेकांऐवजी वापरले जातात. विवेचनाच्या सोयीसाठी येथे त्यांत भेद केला आहे. समूहगीत ही रचना, समूहगान ही अनेकांनी मिळून गाण्याची क्रिया आणि वृंदगान हे आवाजांची योजनापूर्वक विभागणी करून सिद्ध केलेले गायन.

समूहगान ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, अशी एक समजूत संगीताच्या वर्तुळात आढळते. तिला उत्तर देणारा ग्रंथ महाराष्ट्राच्याच भूमीवर, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिला गेला. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथातील प्रकीर्णकाध्यायात वृंदाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार संख्येसह दिले आहेत. उत्तम गायकवृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार वांशिक आणि चार मार्दंगिक असावेत, असे तो सांगतो. चोवीस गाणारे आणि आठ वाजवणारे मिळून हा बत्तीस जणांचा समुदाय होतो. संख्येने तो आजच्या शाळेतील एका वर्गाच्या जवळपास जातो.

संख्येपेक्षा महत्त्वाचे आहेत ते वृंदाचे सहा गुण. मुख्य गायकाचे अनुसरण, आवाजांचे मिलन, ताल व लय यांचे अनुवर्तन, एकाचे तुटले तर दुसऱ्याने ते सावरणे, तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती आणि आवाजांचे परस्परसादृश्य, असे हे गुण आहेत. यांपैकी एकही गुण एका गायकाच्या ठिकाणी पूर्णपणे संभवत नाही. अनुसरणासाठी दुसरा लागतो, मिलनासाठी दुसरा लागतो, सावरण्यासाठीही दुसराच लागतो. तीन स्थाने एकटा गायक फिरू शकतो. पण वृंदात ही शक्ती निरनिराळ्या आवाजांच्या बेरजेतून येते. म्हणजे वृंद ही एकल गायकांची गोळाबेरीज नसून तिचे स्वतंत्र गुणशास्त्र आहे, ही जाणीव या ग्रंथात स्पष्ट आहे. एखाद्या अभ्यासक्रमाने समूहगानाच्या शिक्षकाला घडवले किंवा नाही हे पाहण्यास हे सहा गुण पुरेसे आहेत.

नोकरदारांचे संगीतशिक्षण : पलुस्करांचा वारसा

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. घराण्यातील गुरूच्या सेवेत वर्षे काढल्यावाचून गाणे मिळत नाही, ही स्थिती त्यांनी बदलली. ठरावीक वेळ, ठरावीक पाठ, छापील स्वरलिपी, वर्ग आणि परीक्षा यांमुळे कारकून, शिक्षक, गृहिणी आणि शाळकरी मुले यांच्यासाठी संगीताचे दार उघडले. शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी स्वतंत्र उपदेशक वर्गही चालवला. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा पायऱ्यांची परीक्षाव्यवस्था त्याने रुजवली. वर्षातून दोन सत्रांत होणाऱ्या या परीक्षांना बसण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. गुरूकडे संध्याकाळी शिकावे आणि जवळच्या केंद्रावर परीक्षा द्यावी, ही रीत महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय जीवनाचा भाग झाली. शाळेतील संगीतशिक्षकाच्या नेमणुकीतही 'विशारद' या उपाधीला दीर्घकाळ मान राहिला आहे.

पलुस्करांच्या कार्याची एक बाजू मात्र या व्यवस्थेत मागे पडली. ते स्वतः समूहाकडून गाऊन घेणारे शिक्षक होते. रामधून आणि 'वंदे मातरम्' यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे ते याच कारणाने. त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती आश्रमात जे केले, त्याला आजच्या परिभाषेत सेवेतील समूहगान-शिक्षकाचे कार्य म्हणावे लागेल. आश्रमवासीयांत चांगल्या गळ्याचे आणि बेसूर, तरुण आणि वृद्ध, अनेक प्रांतांचे लोक होते. त्यांच्याकडून रोजची प्रार्थना खरे यांनी गाऊन घेतली, 'आश्रम भजनावली' सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. ख्यालगायनाची तालीम घेतलेल्या गायकाने आपली विद्या समूहासाठी वाकवली, याचे हे ठळक उदाहरण आहे. तथापि खरे यांनी हे कसे साधले याची पद्धत पुढे पाठ्यविषय झाली नाही. परंपरेने त्यांची भजनावली जपली. त्यांची अध्यापनरीत मात्र त्यांच्याबरोबरच गेली.

पदवी काय शिकवते आणि वर्ग काय मागतो

परीक्षाक्रमातील गायन विषयाचा भर रागविस्तार, बडा व छोटा ख्याल, आलाप-ताना, तालज्ञान आणि संगीतशास्त्राचा इतिहास यांवर आहे. वरच्या पातळीवर मंचप्रदर्शन येते. विद्यापीठांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा कलही साधारणतः हाच आहे. रागसंगीताच्या दृष्टीने यात गैर काही नाही. अडचण येते ती पदवीधर शाळेच्या वर्गात उभा राहिल्यावर.

पहिली अडचण षड्जाची. एकल गायक आपल्या गळ्याला सोयीचा षड्ज आयुष्यभर जपतो. पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातो, स्त्री काळी चार किंवा काळी पाच धरते. वर्गात तोच षड्ज सवयीने लावला जातो. राष्ट्रगीताची चाल मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जाते. शिक्षिकेने काळी चारचा षड्ज धरला तर लहान मुलांचा आवाज मंद्र निषादावर क्षीण होतो. पहिल्याच ओळीत काही मुले वरच्या सप्तकात उडी घेतात आणि शेवटच्या जयघोषात तीच मुले ओरडू लागतात. वर्ग बेसूर आहे, असा निष्कर्ष मग काढला जातो. वस्तुतः दोष षड्जाच्या निवडीचा असतो. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून अंगीकारलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीताचेही असेच आहे. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांचे संगीत असलेले हे गीत लोकांच्या कानी बसले आहे ते शाहीर साबळे यांच्या आवाजात. शाहिराच्या कमावलेल्या, चढ्या आवाजातील ठसका आठ-दहा वर्षांच्या मुलांनी तसाच आणण्याचा प्रयत्न केला की गळे ताणले जातात. रचनेचा पल्ला मोजावा, मुलांच्या गळ्याचा पल्ला मोजावा आणि मग षड्ज ठरवावा, हा समूहगानाचा पहिला धडा आहे. एकल गायकाला त्याची गरज क्वचितच पडते.

दुसरी अडचण आवाज फुटण्याची. सातवी ते नववीच्या वर्गांत मुलगे या अवस्थेतून जातात. 'तू नुसते ओठ हलव' हा या वयाच्या मुलाला शाळेत मिळणारा नेहमीचा सल्ला असतो. अनेक मुलग्यांचे गाणे येथेच कायमचे थांबते. त्यांच्यासाठी मर्यादित स्वरांची वेगळी ओळ योजणे, आधारस्वर धरायला देणे, खालच्या सप्तकात हळूहळू उतरवणे, हे उपाय वृंदगानाच्या शिक्षकाला ठाऊक असावे लागतात. शार्ङ्गदेवाच्या तीन स्थानांतील संचारशक्तीचा अर्थ येथे प्रत्यक्षात येतो. फुटलेला आवाज हा वृंदाचा तोटा नसून त्याला मिळालेले नवे स्थान आहे.

तिसरी अडचण हार्मोनियमची. पेटीमागे बसलेल्या शिक्षकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, नजर पट्ट्यांवर असते आणि पेटीच्या आवाजात वर्गाचा बारीक बेसूरपणा बुडून जातो. मुले एकमेकांना ऐकण्याऐवजी पेटीला ऐकतात. त्यामुळे मिलन आणि आवाजांचे सादृश्य हे दोन्ही गुण वाढतच नाहीत. हाताच्या इशाऱ्याने श्वास, आरंभ, समाप्ती आणि आवाजाचा लहानमोठेपणा दाखवणे हे संचालनाचे कौशल्य आहे. टाळी-खाली हाताने दाखवणाऱ्या संगीतकाराला ते अवघड नाही. परंतु ते त्याला कोणी शिकवलेले नसते.

चौथी अडचण अलंकरणाची. खटका, मुरकी, मींड यांनी एकल गायन सजते. तीच जागा चाळीस गळ्यांनी आपापल्या परीने घेतली की स्वर धूसर होतो. कोणती जागा ठेवावी, कोणती सरळ करावी आणि कोणती एखाद-दुसऱ्या आवाजाला द्यावी, हा रचनेकडे समीक्षकाच्या नजरेने पाहण्याचा प्रश्न आहे. पदवी परीक्षेत उमेदवाराचे गाणे ऐकले जाते. त्याने शिकवलेल्या वर्गाचे गाणे ऐकण्याची तरतूद तेथे नसते. या चारही अडचणींचे मूळ येथे आहे.

अभ्यासक्रमाबाहेरील पाठशाळा

समूहगानाची विद्या महाराष्ट्रात नाही असे नाही. ती पदवीच्या बाहेर आहे. वारकरी दिंडीत विणेकरी, टाळकरी आणि पखवाजी यांच्या जागा ठरलेल्या असतात. मुख्य गायकाने चरण सोडायचा, टाळकऱ्यांनी तो उचलायचा, एखाद्याचा श्वास तुटला तर शेजाऱ्याने ओळ पुढे न्यायची. शार्ङ्गदेवाचा चौथा गुण येथे रोज आचरला जातो. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था ही परंपरा १९१७ पासून शिकवत आली आहे. पोवाड्यात आणि गोंधळात झीलकरी असतात. झील धरणे म्हणजे केवळ ओळ पुन्हा म्हणणे नव्हे. शाहिराचा स्वर आणि लय तोलून त्याला विसावा देणे, हे त्यांचे काम. आंबेडकरी जलशांनी आणि १९४४ मध्ये अमर शेख, अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांनी उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाने हीच रीत सामाजिक प्रबोधनासाठी वापरली. अण्णाभाऊंचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगरात होते आणि त्यांच्या नावाची वस्ती मानखुर्दला आहे. त्या वस्तीतील मुलांना शाळेत मिळणाऱ्या संगीताच्या तासात मात्र झीलकऱ्याची विद्या सहसा नसते.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत 'उपासना संगीत' हातात घेऊन सारी मंडळी गाते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यासाठी मराठी वळणाची भजने लिहिली. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून 'मेस्त्री'ने गावातील मुलांना स्वरवाचन शिकवले आणि त्यातून मुंबईच्या वाद्यवृंदांना पिढ्यान्पिढ्या वादक मिळाले. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये गायकवृंद स्थापन केला. त्यांच्या पश्चात कूमी वाडिया यांनी त्याचे दीर्घकाळ संचालन केले. सलील चौधरी यांनी १९५० च्या दशकात बॉम्बे यूथ कॉयर उभे करून भारतीय चालींना बहुस्वरी रूप दिले. गाणारे बहुतांशी हौशी होते, इतर कामधंदा करणारे होते. १९८० च्या दशकात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी समूहगानाची शिबिरे घेऊन अनेक भारतीय भाषांतील गीते शाळांत पोचवली. आठ माध्यमांच्या मुंबईला हा उपक्रम विशेष उपयुक्त होता. शिबिरातून शिक्षकाला गीते मिळाली. ती शिकवण्याचे शास्त्र थोड्या दिवसांच्या शिबिरात मिळणे शक्यही नव्हते.

परदेशातील अनुभवातून एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रविवारच्या शाळांतील शिक्षक आणि कामगार यांच्यासाठी 'टॉनिक सोल्फा' पद्धती आणि पायरीपायरीची प्रमाणपत्रे प्रचारात आणली. रचनेच्या दृष्टीने ती मंडळाच्या परीक्षांची आठवण करून देतात. मात्र कर्वेन यांच्या पद्धतीचा गाभा समोर मांडलेले स्वर पाहून समूहाने अचूक गाणे हा होता. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी हीच चल षड्जाची आणि हस्तसंकेतांची रीत राष्ट्रीय शिक्षणात आणली. १९७५ पासून केच्केमेत येथील कोदाय संस्थेत देशोदेशींचे शिक्षक तिचा अभ्यास करत आले आहेत. अमेरिकेतील काही विद्यापीठे सेवेतील संगीतशिक्षकांना लागोपाठच्या उन्हाळी सत्रांत पदव्युत्तर पदवी पूर्ण करू देतात. चल षड्ज ज्याच्या अंगवळणी पडला आहे अशा मराठी शिक्षकाला या पद्धतीचा मूलाधार परका नाही.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की रागसंगीत स्वभावतः एकल आहे. ते समूहाने गायल्यास त्यातील उपज नष्ट होते. हा आक्षेप ख्यालापुरता खरा आहे. शाळेत ख्याल गायला जात नाही. तेथे प्रार्थना, अभंग, लोकगीत आणि राष्ट्रीय गीत गायले जाते आणि या साऱ्या रचना समूहाच्या आहेत. त्यांना ख्यालाची मापे लावणे हीच कोटीची गफलत होय.

दुसरा आक्षेप बहुस्वरी योजनेविषयी आहे. दोन किंवा तीन स्वरपंक्ती एकत्र आल्या की रागाचे रूप बिघडते, असे म्हटले जाते. वृंदगान म्हणजे पाश्चात्त्य स्वरमेळ असे समीकरण मांडण्याची मुळात गरज नाही. आधारस्वर, प्रश्नोत्तर, झील आणि मुली-मुलग्यांची सप्तकविभागणी एवढ्यावरही समृद्ध वृंदगान उभे राहते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा व सर्वांत वजनदार आहे. संगीतशिक्षकांची पदेच अपुरी असताना नवी पदवी कशासाठी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळेला कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक देऊ केला. कला हा विषय नियमित अभ्यासक्रमाचा भाग असावा, अशी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ची भूमिका होती. अंशकालीन निदेशकाचे मानधन आणि अनिश्चितता पाहता त्याने स्वखर्चाने पदवी घ्यावी ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. म्हणून असे शिक्षण सेवेचा भाग मानून मिळाले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची शिफारस केली आहे आणि २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम आले. हे तास श्रेयांकांत जमा होऊन पदव्युत्तर पदवीपर्यंत पोचू शकले, तर नोकरी आणि शिक्षण यांतील अंतर कमी होईल.

अभ्यासक्रमाची दिशा

अशा अभ्यासक्रमाचे वेळापत्रक शिक्षकाच्या जीवनाला धरून असावे. दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळेतील शिक्षकाला अर्धा दिवस मोकळा मिळतो, असा समज चुकीचा आहे. निवडणूक, जनगणना आणि सर्वेक्षणे यांत त्याचा मोठा वेळ जातो. दिवाळी आणि उन्हाळी सुटीतील सलग सत्रे, शनिवारचे वर्ग आणि उरलेला अभ्यास स्वतःच्या शाळेत, अशी मांडणी शक्य आहे. बालकंठाचे शरीरशास्त्र, षड्जनिवड व पल्ल्याचे मापन, संचालन, बहुभाषिक उच्चारशुद्धी, लोकपरंपरांतील समूहरीती आणि साध्या वृंदरचनेचे लेखन हे त्याचे विषय असावेत. दिंडीतील विणेकरी आणि पोवाड्यातील अनुभवी झीलकरी यांना अतिथी-अध्यापक म्हणून बोलावणे हा शिष्टाचार समजू नये. ती अभ्यासक्रमाची गरज आहे.

मूल्यमापनातील बदल याहूनही महत्त्वाचा आहे. परीक्षकांनी उमेदवाराच्या शाळेत जावे, वर्षारंभी आणि वर्षअखेरीस त्याच वर्गाचे गाणे ऐकावे आणि शार्ङ्गदेवाच्या सहा गुणांवर ते तपासावे. वर्ग मुख्य आवाजाला ऐकतो का, आवाज मिळतात का, लय टिकते का, चुकलेल्याला शेजारी सावरतो का, फुटलेल्या आवाजाला जागा आहे का आणि उच्चार-नाद एकसारखे आहेत का, हे सहा प्रश्न पुरेसे आहेत. उमेदवाराचा स्वतःचा गळा सामान्य असला तरी त्याचा वर्ग उत्तम गाऊ शकतो. उलट श्रेष्ठ गायकाचा वर्ग मुका असू शकतो. विद्यमान परीक्षापद्धतीला हा फरक दिसत नाही.

निष्कर्ष

पलुस्करांनी नोकरदारासाठी संगीताचे दार उघडले आणि मंडळाने ते उघडे ठेवले, हे ऋण मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावा लागतो. त्या दारातून आत गेलेल्यांपैकी जे शिक्षक होऊन बाहेर पडले, त्यांच्या हाती समूहाची विद्या दिली गेली नाही. मानखुर्दसारख्या ठिकाणी याची किंमत मुले मोजतात. खाजगी गायनवर्गाची फी ज्यांच्या घरी परवडत नाही, त्यांना आयुष्यात मिळणारे संगीताचे शिक्षण बहुधा शाळेच्या परिपाठापुरतेच असते. तेथे ओठ हलवण्याचा सल्ला मिळालेल्या मुलाला दुसरी संधी नसते. सेवेतील शिक्षकांसाठी समूहगान-अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ही म्हणून संगीतक्षेत्रापुरती मागणी नाही. सार्वजनिक शाळेतील मुलाला आपला आवाज इतरांच्या आवाजात मिसळता येणे आणि तरीही तो ऐकू येणे, हा त्याच्या शिक्षणाचा हक्क आहे. विद्यापीठे आणि मंडळ यांनी एकत्र येऊन तो अभ्यासक्रमात उतरवला, तर देवगिरीच्या ग्रंथातील सहा गुणांना मानखुर्दच्या वर्गात पुन्हा अर्थ प्राप्त होईल.